रक्तात सापडलेल्या अनोळखी जंतूचं नाव ठरतं तरी कसं?

ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या आधी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर पोचतो. त्यात ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला लिहिलेलं असलं तर घरातलं कुणीतरी 'हे ऐकलंय' म्हणतं आणि निम्मी भीती तिथंच ओसरते. पण 'एलिझाबेथकिंगिया अ‍ॅनोफेलिस' असलं काही आलं की सगळे गूगलवर तुटून पडतात. "हे जंतूचं नाव हाय का इंग्लंडच्या राणीचं?" असं एका पाहुण्यांनी मला लॅबच्या काउंटरवर सरळ विचारलं होतं. रिपोर्ट दुसऱ्याच कुणाचा तरी आलाय, अशी त्यांची खात्रीच झाली होती.

त्यांच्या शंका मात्र रास्त होत्या. हा जंतू खरंच रक्तात होता का? मशीननं नाव चुकवलं नसेल कशावरून? आणि नाव कळून औषधात फरक काय पडणार? लॅबमध्ये आम्हीही हेच तीन प्रश्न विचारत असतो, आणि जंतू जितका दुर्मीळ तितकी त्यांची उत्तरं अवघड होत जातात.

सुरुवात रक्तापासून करू. सेप्सिस (संसर्गानं सगळं शरीर बिघडणं) झालेल्या, थंडीतापानं कुडकुडणाऱ्या मोठ्या माणसाच्या रक्तातही एका मिलिलिटरमागे जिवंत जंतू बऱ्याचदा एखादाच असतो, कित्येकदा तेवढाही नसतो. मलेरियाचे परजीवी थेंबभर रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, तसे हे दिसत नाहीत. त्यांना आधी वाढवावं लागतं. त्यासाठी एका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त लागतं. एका सेटमध्ये दोन बाटल्या असतात : एक हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी, दुसरी ज्यांना प्राणवायू सोसत नाही त्यांच्यासाठी. असे किमान दोन सेट, शक्यतो दोन वेगळ्या हातांतून. म्हणजे साधारण ४० मिलिलिटर. इथं नातेवाईक हमखास अडवतात : "अवो, एवढं रगात कशाला काढतायसा?" उत्तर सोपं आहे. मिलिलिटरला एक जंतू असेल आणि तुम्ही दोनच मिलिलिटर दिलंत, तर तो सापडायचा तो नशिबानं. शरीरात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं, त्यातलं ४० मिलिलिटर गेल्यानं मोठ्या माणसाचं काही बिघडत नाही. लहान मुलांचं प्रमाण अर्थातच वजनावर ठरतं. आणि हे सगळं अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी. गावातल्या दवाखान्यात दोन दिवस इंजेक्शनं घेऊन मग पेशंट कोल्हापूरला आला, तर रक्तात जंतू असूनही बाटली गप्प राहू शकते.

बाटल्या मशीनमध्ये ठेवतात. आत तापमान शरीराइतकं. जंतू वाढायला लागला की कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यानं बाटलीच्या बुडाशी असलेल्या चकतीचा रंग बदलतो, आणि मशीन दर काही मिनिटांनी तो रंग बघत असतं. बदल ठरावीक हद्दीबाहेर गेला की अलार्म वाजतो. आमच्या भाषेत 'बाटली वाजली'. ई. कोलायसारखा जंतू बऱ्याचदा बारा-पंधरा तासांतच वाजतो. सावकाश वाढणारे तीन-चार दिवस घेतात. पाच दिवस काहीच झालं नाही तर निगेटिव्ह म्हणून रिपोर्ट जातो.

वाजलेल्या बाटलीतला थेंब स्लाइडवर घेऊन ग्राम स्टेन करतात. हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरनं १८८४ साली बर्लिनमध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही कुठल्याही लॅबचा दिवस तिच्याशिवाय सुरू होत नाही. जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोलनं धुणं, मग गुलाबी रंग. जांभळा राहिला तो ग्राम पॉझिटिव्ह, गुलाबी झाला तो ग्राम निगेटिव्ह. गोल आहे की काडीसारखा, घोसानं आहे की साखळीनं, हेही दिसतं. पाच-दहा मिनिटांचं काम. पण याच टप्प्यावर वॉर्डात फोन जातो आणि बऱ्याचदा औषध तिथंच बदलतं. माझं मत विचाराल तर पुढच्या सगळ्या महागड्या मशीनपेक्षा हा फोन जास्त जीव वाचवतो.

आता पहिला प्रश्न. बाटलीत वाढला तो जंतू रक्तातला की कातडीवरचा? आपल्या कातडीवर कोअॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकाय, कोरिनेबॅक्टेरियम, क्युटिबॅक्टेरियम अशी वस्ती कायम असते. सुई टोचताना यांतला एखादा आत जातो आणि बाटली वाजते. आम्ही त्याला कंटॅमिनंट म्हणतो. शंभर बाटल्यांमागे तीनपेक्षा कमी कंटॅमिनंट असावेत, असा पूर्वापार संकेत आहे. गर्दीच्या वॉर्डात, रात्री अडीच वाजता, स्पिरिट वाळायच्या आधीच सुई टोचली की हे प्रमाण वाढतं. चार बाटल्यांपैकी एकच वाजली, तीही तिसऱ्या दिवशी, तर संशय कातडीवर. चारही वाजल्या, त्याही एका दिवसात, तर जंतू रक्तातलाच. दुसरा सेट हवा तो यासाठीच. एकच सेट पाठवला तर हा हिशेब मांडताच येत नाही.

दुर्मीळ जंतूंची खरी अडचण इथं सुरू होते, कारण त्यांतले बरेच कातडीवरच्या निरुपद्रवी मंडळींसारखेच दिसतात. स्टॅफिलोकोकस लुग्डुनेन्सिस हा कोअॅग्युलेज निगेटिव्ह गटातला. त्यातल्या त्यात झटपट ओळखायला गेलं तर 'कंटॅमिनंट' म्हणून कचऱ्यात जाईल. पण हा हृदयाच्या झडपा कुरतडतो, आणि तेही चांगल्याच जोमानं. १९८८ साली फ्रान्समधल्या लिऑनच्या संशोधकांनी त्याला वेगळं नाव दिलं, त्याआधी तो गर्दीतला एक होता. तसाच एरिसिपेलोथ्रिक्स. ग्राम पॉझिटिव्ह काडी, कातडीवरच्या कोरिनेबॅक्टेरियमसारखी दिसणारी. डुकरं, मासे, मांस हाताळणाऱ्यांच्या जखमेतून शिरतो, आणि ग्राम पॉझिटिव्ह दिसला की डोळे झाकून दिलं जाणारं व्हॅन्कोमायसिन याच्यावर जन्मजातच चालत नाही. पेनिसिलिन मात्र छान चालतं. नावाचा उपयोग काय म्हणणाऱ्यांना एवढं एक उदाहरण पुरावं.

मशीन नाव कसं सांगतं

बाटलीतला जंतू प्लेटवर, म्हणजे जंतूंचं खाद्य भरलेल्या बशीवर, पसरतात. दुसऱ्या दिवशी कॉलनी, म्हणजे जंतूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके, येतात. पूर्वी इथून पुढं रसायनांचा खेळ असायचा : हा साखर आंबवतो का, युरिया फोडतो का, ऑक्सिडेज आहे का. आजही बहुतेक लॅबमध्ये हेच काम बारीक खाचांची कार्डं करतात. एका कार्डात ६४ खाचा, प्रत्येकीत वेगळं रसायन, आणि रंग बदलांवरून मशीन नाव काढतं. नेहमीच्या जंतूंसाठी उत्तम. पण जे साखरेकडं बघतच नाहीत, युरिया फोडत नाहीत, धड वाढतही नाहीत, अशांच्या बहुतेक खाचा कोऱ्या राहतात. कोऱ्या खाचांवरून नाव काढायचं म्हणजे अंदाजच.

मोठ्या लॅबमध्ये आता माल्डी-टॉफ नावाचं मशीन असतं. ते प्रथिनांच्या वजनावरून जंतू ओळखतं. कॉलनीचा कणभर भाग लाकडी टूथपिकनं (हो, साध्या टूथपिकनं) स्टीलच्या पाटीवरच्या खुणेवर घासायचा. वर रसायनाचा एक मायक्रोलिटर थेंब. वाळला की पाटी मशीनमध्ये. आत हवा काढून टाकलेली असते. लेझरचा मारा झाला की रसायन ती ऊर्जा पिऊन घेतं आणि जंतूची प्रथिनं न मोडता उडतात, विद्युतभार घेऊन एका नळीतून धावतात. हलकी आधी पोचतात, जड मागून. पोचायला लागलेल्या वेळेवरून वस्तुमान काढलं जातं. २,००० ते २०,००० डाल्टनच्या (रेणूंच्या वस्तुमानाचं एकक) टप्प्यातली ही बहुतेक प्रथिनं रायबोसोमची, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या कणांची, असतात, कारण कुठल्याही जिवंत जंतूत तीच सर्वांत भरपूर. पडद्यावर उंच-बुटक्या टोकांचा आलेख येतो. प्रत्येक जातीचा आलेख थोडा वेगळा. मशीन तो आपल्या संग्रहातल्या हजारो आलेखांशी ताडून बघतं आणि नाव व गुण देतं. एका प्रचलित मशीनमध्ये गुण २ किंवा जास्त असले तर जातीपर्यंत खात्री धरतात, १.७ ते २ च्या मध्ये असले तर फक्त कुळापर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत. सगळा कारभार काही मिनिटांचा. पूर्वी ज्याला दोन दिवस लागायचे ते चहा होईपर्यंत कळतं. मोठे रेणू असे न मोडता उडवण्याच्या कामासाठी जपानच्या कोइची तानाकांना २००२ साली रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. आज वापरतात ती नेमकी रीत मात्र जर्मनीच्या कारास आणि हिलेनकाम्प यांची.

मशीन किमतीला भारी, पण एका तपासणीचा खर्च किरकोळ. तरीही त्याची एक गोम लक्षात ठेवावी लागते. ते जंतू ओळखत नाही, साम्य ओळखतं. लग्नात एखादी म्हातारी आत्या अनोळखी पोराकडं बघून ठासून म्हणते, "तू पाटलांचाच न्हवं?" कारण तिच्या माहितीत पाटीलच जास्त. संग्रहात जी जात नाही तिचं नाव मशीन सांगणार कुठून? ते जवळच्या भावकीतलं नाव काढतं, आणि कधी कधी भरघोस गुणांसह काढतं. कमी गुण आले तर माणूस निदान सावध होतो. जास्त गुणांसकट आलेलं चुकीचं नाव जास्त धोक्याचं.

म्हैस, दूध आणि वाळूसारखे बारीक जंतू

कोल्हापुरात बसून हा विषय समजावताना ब्रुसेलाला टाळताच येत नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून धारोष्ण दुधाचा पेला ओठाला लावणं ही इथली जुनी हौस, तालमीच्या गावाला शोभणारी. मी त्या हौशीची चेष्टा करणार नाही. पण जनावराला ब्रुसेलोसिस असेल तर न तापवलेल्या दुधातून हा जंतू माणसात येतो, हे खरं आहे. दूध उकळलं की प्रश्न मिटतो. पाश्चरायझेशननंही मिटतो, म्हणजे ७२ अंशाला १५ सेकंद. दुसरा रस्ता गोठ्यातला. म्हैस किंवा गाय शेवटच्या महिन्यांत गाभडली, आणि मालकानं वार उघड्या हातानं ओढून काढली, की बोटावरच्या साध्या चिरेतूनही जंतू आत जातो. शेळ्या-मेंढ्यांतून येणारी जात तर जास्त त्रासदायक.

माणसात तो काय करतो? संध्याकाळी चढणारा ताप, रात्री कपडे भिजतील असा घाम, कंबर धरणं, सांधे दुखणं, पुरुषांत कधी वृषण सुजणं. महिना-दोन महिने हे चालतं. टायफॉइडची विडाल चाचणी झाली, मलेरियाची झाली, कधी टीबीची औषधंसुद्धा सुरू होतात. मग कुणीतरी ब्लड कल्चर लावतं.

बाटली तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाजते. स्लाइडवर अगदी बारीक, फिकट गुलाबी ठिपके दिसतात, इतके बारीक की नवशिक्याला तो रंगाचा गाळ वाटतो. रंग नीट धुतला गेला नाही तर जांभळटही दिसतात, आणि मग कातडीवरचे कोकाय (गोल जंतू) समजून 'कंटॅमिनंट' असा शेरा पडायची भीती. उशिरा वाजलेली बाटली, त्यात कोकायसारखं काहीतरी : वर सांगितलेल्या हिशेबात हे दोन्ही पुरावे कातडीकडंच बोट दाखवतात. नियम बरोबर लावूनही माणूस फसतो तो असा. जुन्या खाचांच्या पद्धतीनं ब्रुसेलाला मोराक्सेला म्हटल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. माल्डी-टॉफच्या नेहमीच्या संग्रहात ब्रुसेला नसेल तर मशीन 'ओक्रोबॅक्ट्रम' म्हणतं, म्हणजे त्याचा मातीत राहणारा चुलतभाऊ. ब्रुसेला संग्रहात का नसावा? कारण तो जैविक शस्त्रासाठी वापरता येण्याजोग्या जंतूंच्या यादीत आहे, आणि अशांचे आलेख कंपन्या वेगळ्या संग्रहात ठेवतात.

त्यात २०२० साली वर्गीकरण करणाऱ्यांनी जीनोमच्या (जंतूच्या संपूर्ण जनुकसंचाच्या) आधारावर ओक्रोबॅक्ट्रमच्या जाती ब्रुसेला कुळातच घालून टाकल्या. शास्त्रापुरतं ते समर्थनीय असेलही. पण वॉर्डातल्या डॉक्टरला आता 'ब्रुसेला अँथ्रोपाय' असा रिपोर्ट आला तर तो म्हशीच्या तापाचा जंतू समजायचा की शिरेतल्या नळीवाटे शिरलेला मातीतला, पूर्वीचा ओक्रोबॅक्ट्रम? दोघांची औषधं वेगळी, धोका वेगळा. बऱ्याच सूक्ष्मजीवतज्ज्ञांनी या बदलाला उघड विरोध केला, आणि मीही त्याच बाजूचा.

नाव बरोबर येण्याची निकड पेशंटपुरती नाही. लॅबमध्ये लागण होणाऱ्या जंतूंत ब्रुसेलाचा नंबर फार वरचा. प्लेट उघडी ठेवून काम केलं, जुन्या सवयीनं कॉलनीचा वास घेतला, तर टेक्निशियनलाच ताप. म्हणून बारीक गुलाबी ठिपके आणि उशिरा वाजलेली बाटली दिसली की पुढचं सगळं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, म्हणजे जंतू बाहेरच्या हवेत येऊ न देणाऱ्या कपाटात. साधी युरियेजची चाचणी इथं मोठी मदत करते : ब्रुसेला युरिया भराभर फोडतो.

निदान झालं तर उपचार स्वस्त आहेत. डॉक्सिसायक्लिन सहा आठवडे, सोबत रिफाम्पिसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. पण सहा आठवडे म्हणजे सहाच. नेहमीच्या तापाचा पाच-सात दिवसांचा कोर्स दिला तर बरं वाटतं आणि महिन्याभरात ताप परत येतो. आणि मग गोठ्याकडंही बघावं लागतं. सरकारच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात, २०१९ पासून, चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आणि रेडकांना ब्रुसेलोसिसची लस देतात. एका माणसाच्या रिपोर्टवरून अख्खा गोठा तपासायची वेळ येते ती अशी.

पावसाळ्यातला सोंगाड्या

दुसरा जंतू बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलेई. यानं होणाऱ्या रोगाला मेलिऑइडोसिस म्हणतात. १९१२ साली रंगूनमधून व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. कृष्णस्वामींचं नाव आपल्याकडं फारसं कुणाला ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम लिहितो. हा जंतू उष्ण पावसाळी मुलखातल्या मातीत आणि पाण्यात राहतो. भातशेती, चिखल, अनवाणी पाय, जोरदार पाऊस आणि पेशंटला मधुमेह, असा त्याचा योग जुळतो. कर्नाटकाच्या किनारपट्टीवर, उडुपी-मणिपालच्या भागात, याचे पेशंट नेहमी सापडतात. गगनबावडा, राधानगरी, आजरा इथला पाऊस आणि भाताची खाचरं बघितली तर इथल्या डॉक्टरनंही तो मनात धरायला हवा, एवढंच मी म्हणेन.

समजा, पन्नाशीचा शेतकरी आहे, साखर वाढलेली, रोप लावणीनंतर पंधरा दिवसांनी ताप आणि धाप. एक्स-रेमध्ये फुप्फुसात डाग, सोनोग्राफीत यकृतात आणि प्लीहेत बारीक गळवं. दिसायला टीबी. बाटलीत ग्राम निगेटिव्ह काडी, दोन टोकं गडद आणि मध्ये फिकी, सेफ्टी पिनसारखी. प्लेटवर पहिल्या दिवशी साधी गुळगुळीत कॉलनी, दोन-तीन दिवसांनी तीच सुरकुतलेली. पहिल्याच दिवशी घाईनं रिपोर्ट लावला तर 'स्यूडोमोनास स्पीशीज' (नेहमीच्या एका कुळाचं नाव, जात न सांगता) म्हणून जातो आणि विषय संपतो. माल्डी-टॉफ याला त्याच्या निरुपद्रवी भावाचं, थायलॅन्डेन्सिसचं, नाव देऊ शकतं.

इथं पकडायची युक्ती सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे कुठलं औषध चालतं ते बघायच्या, प्लेटवरच असते. कोलिस्टिन चालत नाही, जेंटामायसिन बहुधा चालत नाही, पण साधं को-अॅमॉक्सिक्लॅव्ह चालतं. नेहमीच्या स्यूडोमोनासचं बरोबर उलटं : त्याच्यावर को-अॅमॉक्सिक्लॅव्ह कधीच चालत नाही आणि कोलिस्टिन बहुधा चालतं. म्हणजे औषधांची यादीच ओरडून सांगत असते की नाव चुकलंय. फक्त तिकडं कुणीतरी बघायला हवं. नाव नक्की झालं की सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम किमान दोन आठवडे शिरेतून, आणि नंतर को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या किमान तीन महिने. 'स्यूडोमोनास' समजून आठवड्यात घरी पाठवलेला पेशंट पुन्हा येण्याची शक्यता फार.

आता त्या राणीच्या नावाच्या जंतूकडं. एलिझाबेथ किंग या अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. १९५९ साली त्यांनी तान्ह्या बाळांच्या मेंदूज्वरातला एक जंतू नोंदवला आणि २००५ साली त्या कुळाला त्यांचं नाव दिलं गेलं. 'अ‍ॅनोफेलिस' ही जात २०११ साली अ‍ॅनोफेलिस डासाच्या आतड्यातून नोंदवली गेली, म्हणून ते नाव. पण माणसाला लागण डासानं होते असा पुरावा नाही. इस्पितळातली बेसिनं, नळ, ओलसर जागा हे तिचं घर. जुन्या संग्रहांमुळं ही जात वर्षानुवर्षं 'मेनिंगोसेप्टिका' या त्याच कुळातल्या दुसऱ्या जातीच्या नावानं रिपोर्टात जात राहिली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये २०१५-१६ ला हिची साथ आली, साठावर पेशंट झाले आणि उगम शेवटपर्यंत सापडला नाही. या कुळावर मेरोपेनेम आणि कोलिस्टिन ही आयसीयूतली शेवटची समजली जाणारी औषधं जन्मजात निष्प्रभ, आणि मिनोसायक्लिनसारखं जुनं औषध कित्येकदा चालून जातं. पाहुण्यांना मी एवढंच सांगितलं : नाव बरोबर आहे, आणि या नावामुळंच तुमचं महागडं इंजेक्शन आज बंद होणार आहे.

कधी नाव संसर्गापलीकडचं काही सांगतं. स्ट्रेप्टोकोकस गॅलोलिटिकस, पूर्वीचा बोव्हिस, रक्तात सापडला तर मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी लागते. त्याचं आणि आतड्याच्या कर्करोगाचं नातं अनेक दशकांपासून माहीत आहे. 'स्ट्रेप्टोकोकस स्पीशीज' एवढंच लिहून रिपोर्ट गेला तर ती तपासणी कुणाच्या डोक्यातही येणार नाही.

मशीननं हात टेकल्यावर

गुण कमी आले, दोन पद्धतींनी दोन नावं आली, किंवा नाव आणि औषधांची यादी जुळेना, तर जनुकांकडं जावं लागतं. प्रत्येक जंतूत १६एस नावाचं एक जनुक असतं, साधारण दीड हजार अक्षरांचं. रायबोसोमचा भाग असल्यामुळं त्याचे काही पट्टे सगळ्या जंतूंत जवळपास सारखे असतात आणि मधले नऊ पट्टे जातीगणिक बदलतात. सारख्या पट्ट्यांचा आधार घेऊन पीसीआरनं जनुकाच्या प्रती काढायच्या, अक्षरं वाचायची आणि जागतिक साठ्याशी ताडायची. १९७७ साली कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी याच रेणूच्या आधारे आर्किया हा जीवांचा वेगळा गट दाखवून दिला होता. साम्य ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी आलं तर ती जात वेगळी असण्याची शक्यता मोठी.

याउलट मात्र खरं नाही. साम्य जास्त म्हणून जात एकच, असं म्हणता येत नाही. ई. कोलाय आणि शिगेला, किंवा ब्रुसेलाच्या जाती, १६एसवरून वेगळ्या करता येत नाहीत. सार्वजनिक साठ्यांतही चुकीच्या नावानं जमा झालेल्या नोंदी आहेत. म्हणून अखेरचा शब्द संपूर्ण जीनोमचा. ई. कोलायसारख्या जंतूचा जीनोम म्हणजे पन्नासएक लाख अक्षरं. दोन जीनोममधलं सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांच्या वर असेल तर जात एक. एवढं करूनही कुठल्याच ओळखीच्या जातीशी जुळलं नाही, तर जात नवी असू शकते. तिला नाव द्यायचं तर जिवंत नमुना दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहालयांत जमा करावा लागतो. आपल्याला जवळचं म्हणजे पुण्याचं नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स. आजवर वीस हजारांहून जास्त जातींना रीतसर नावं मिळाली आहेत, आणि माणसाला आजार करताना आढळलेल्या त्यांतल्या दीड हजाराच्या आसपास.

जीनोमला दिवस लागतात, पैसे लागतात. पेशंट तोवर थांबत नाही. म्हणून व्यवहारात उपचार ग्राम स्टेन, सेन्सिटिव्हिटी आणि पेशंटची हकीकत यांवर चालतात आणि नाव मागून पक्कं होतं. मोठ्या इस्पितळांत बाटली वाजल्यावर तासाभरात उत्तर देणारे पीसीआर पॅनेलही मिळतात. उपयोगी आहेत, पण ते ठरावीक वीस-तीस नावंच शोधतात. दुर्मीळ जंतू त्या यादीत नसतोच. 'नॉट डिटेक्टेड' वाचून जंतूच नाही असा अर्थ नातेवाईक काढतात. बाटली वाजली आहे आणि पॅनेल कोरं आहे, तर उलट शंका वाढायला हवी.

आता त्या हकीकतीबद्दल. ब्लड कल्चरबरोबर एक फॉर्म येतो. त्यात 'क्लिनिकल हिस्ट्री' असा रकाना असतो. दहातल्या नऊ फॉर्मवर तिथं एकच शब्द असतो : 'ताप'. कधी तोही नसतो. वरची दोन्ही मोठी उदाहरणं बघा. ब्रुसेला पकडायला 'घरी म्हशी, मागच्या महिन्यात एक गाभडली' एवढी एक ओळ हवी होती. मेलिऑइडोसिसला 'मधुमेह, रोप लावणी'. ही ओळ असली की टेक्निशियन प्लेट चार दिवस ठेवतो, कॅबिनेटमध्ये उघडतो, मशीनचं उत्तर मान्य करण्याआधी थांबतो. ही माहिती जनुकांतून मिळत नाही, ती पेशंटच्या घरच्यांकडंच असते. कुत्रं चावलं, उंदीर चावला, पुराच्या पाण्यात चार दिवस वावर होता, प्लीहा काढलेली आहे, झडप बदललेली आहे, डायलिसिसची नळी आहे, आधी कुठली इंजेक्शनं झाली : हे डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगा, आणि फॉर्मवर लिहायला लावा.

आणखी एक. पहिल्या-दुसऱ्या दिवशी मिळतो तो प्रिलिमिनरी रिपोर्ट. त्यात 'ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय (काडीसारखे जंतू), ओळख चालू आहे' असं काहीतरी असतं. दुर्मीळ जंतूचं खरं नाव बहुधा फायनल रिपोर्टमध्ये येतं, चार-पाच दिवसांनी, कधी बाहेरच्या लॅबमधून आठवड्यानं. तोवर पेशंट घरी गेलेला असतो आणि तो कागद न्यायला कुणी येत नाही. डिस्चार्ज घेताना फायनल आला का विचारा, आणि नसेल तर आल्यावर डॉक्टरांना दाखवा.